हळदीचा खोकला

आधी आम्ही हळदीवर घातलं.
वीस वर्षं वखारभागात काट्यावर बसणाऱ्या माणसाला
खोकला यायचाच.
रुमाल पिवळा, कॉलर पिवळी,
अंघोळ झाल्यावरही कानाच्या पाळीमागं पिवळं.
मग एके दिवशी रुमाल वेगळा निघाला.
मी तो गार पाण्यात भिजवला
आणि मिरजेची रिक्षा बघितली.

आता भूपाल आतल्या खोलीत,
मी हॉलमध्ये,
सन्मती तासगावला आत्याकडं.
विश्रामबागेतल्या पाचशे चाळीस फुटांत
एवढं अंतर निघेल
असं बिल्डरनंही सांगितलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत जेवायची आमची रीत.
सव्वासहाला मी ताट उंबऱ्यावर ठेवते.
फ्लॅटच्या बेडरूमला उंबरा नसतो,
फरशीच्या दोन रंगांमधली रेघ असते,
तिलाच उंबरा म्हणते.
दोनदा टकटक करते, मागं सरते.
दार किलकिलं होतं, हात दिसतो.
लग्नाआधी एवढाच बघितला होता मी त्याला,
पोह्यांची बशी घेणारा हात.

गोळ्या सकाळी, उपाशीपोटी.
पहिल्याच दिवशी आतून घाबरी हाक आली,
लघवी लाल होतीय गं.
होवाळेताईंनी बजावलं होतं, मीच विसरले.
दाराला तोंड लावून सांगितलं,
गोळीचा रंग आहे तो, रक्त नाही.
मग आम्ही दोघं हसत बसलो
दाराच्या दोन बाजूंना.
हसता हसता तो खोकला.
मी गप्प झाले.

होवाळेताई सरकारी दवाखान्याच्या,
दर मंगळवारी वही घेऊन येतात.
लिफ्टपाशी आरवाडेकाकांनी विचारलं, कोण हो त्या?
विम्याच्या, मी म्हटलं. निघून गेलं तोंडातून.
तेव्हापासून सोसायटीत बोलवा आहे
की तिसऱ्या मजल्यावर मोठी पॉलिसी निघतीय.
परवा पार्किंगमध्ये काकांनी गाठलं,
किती वर्षांची आहे?
सहा महिन्यांची, म्हटलं.
त्यांनी डोकं खाजवलं,
एवढ्यात मिळतं काय?

डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, रोज दोन.
मी मान हलवली
आणि लिफ्ट सोडून जिन्यानं आले,
प्रत्येक मजल्यावर थोडी थोडी रडत.
आमच्यात चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही.
वरच्या शमाभाभीला कसं कळलं ठाऊक नाही.
दुसऱ्या दिवशी गॅलरीत
सुतळीला बांधलेली टोपली उतरली.
वर मेथीची जुडी,
जुडीखाली फडक्यात दोन अंडी,
उकडून आणलेली, आणि सोललेलीसुद्धा,
माझ्या कचऱ्यात टरफल दिसू नये म्हणून.
तिनं काही विचारलं नाही.
मी टोपलीत शेंगाचटणी घातली, सुतळी हलवली.

माझ्या घरात अंडं शिजलं नाही
एवढं मी भगवंतांना सांगू शकते.
बाकीचं त्यांनी बघून घ्यावं.

भूपालला सांगितलं, पनीर आहे.
तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला,
आजचं पनीर जरा जास्त उकडलंय.

रात्री आमच्यात भिंत.
पलीकडं त्याचा पलंग, अलीकडं माझी चटई.
मी खोकले मोजते,
अकराला चार, साडेबाराला नऊ,
पहाटेचे मोजत नाही, ते लांबलचक असतात.
सन्मतीला फोनवर सांगते,
पप्पांना ऑफिसचं काम आहे, घरूनच.
ती म्हणते, हळद घरी कशी येते मग?

काल तीन वाजेपर्यंत एकही आला नाही.
उठून दाराला कान लावला.
फ्रिजची घरघर.
खाली वॉचमनची काठी.
आत काहीच नाही.
मी दोनदा टकटक केली.
थांबले.
पुन्हा दोनदा.

मग झोपेतला, वैतागलेला आवाज,
अगं, आत्ता कसलं ताट?