आर अक्षराची कळ

टंकबहादूर कायमचा पोखऱ्याला गेला तेव्हा
त्याचा लॅपटॉप मी पंधरा रियालला घेतला.
चार्जरला चिकटपट्टी,
आणि आर अक्षराच्या जागी नुसता खड्डा,
दात पडल्यावर हिरडी दिसते तसा.

जूनमध्ये सोहारला साडेबारा ते साडेतीन काम बंद.
उन्हाचा कायदा आहे.
खोलीतले सगळे एसीखाली आडवे होतात,
मी पलंगावर मांडी घालून
कासव चालवायला शिकतो.

हट्ट तहसीनचा. ती सातवीत, दाभोळला.
"सोप्पंय अब्बू, लहान मुलांची भाषा आहे,
दहा-बारा शब्द पुरतात."
पडद्याच्या मधोमध एक हिरवा त्रिकोण,
त्यालाच कासव म्हणायचं.
एफडी शंभर : शंभर पावलं पुढे.
एलटी नव्वद : डावीकडे काटकोनात.
आरटी म्हणजे उजवीकडे,
ते माझ्या नशिबात नाही.

हुकूम देणं मला नवं नाही.
बंदरावर अकरा वर्षं क्रेनला हात दाखवतोय.
अंगठा वर, बूम वर.
मूठ आवळली, थांब.
केबिनमधल्या खल्फानला माझा आवाज पोचत नाही,
फक्त हात दिसतो.
पण खल्फान शहाणा.
माझा हात चुकला तर हॉर्न देतो,
खाली वाकून बघतो : काय रे, खरंच?

कासव विचारत नाही.
नव्वदऐवजी नऊशे लिहिलं गेलं
तर गुमान अडीच गिरक्या घेऊन
पाठ फिरवून उभं.

तिसऱ्या दुपारी सापडलं :
तीनदा डावीकडे वळलं की उजवीकडे होतं.
एवढ्यासाठी मी सुनोजला झोपेतून उठवलं.
"चेट्टा, झोपा," म्हणाला तो, भिंतीकडे वळून.

एक हुकूम असाही आहे,
एकदा सांगायचं, कासव तेच चारदा करतं.
त्याचंही पहिलं अक्षर आर.
म्हणून चौकोनाच्या चारही बाजू
मी एकेक करून लिहितो.
तहसीन हसते. "किती लिहिता अब्बू!
कॉम्प्युटर मग कशाला असतो?"
मी म्हणतो, असू दे.
दोन वर्षांतून चाळीस दिवस घरी येणाऱ्याला
प्रत्येक बाजू हातानं लिहिलेली बरी वाटते.

एकदा कासव पुष्कळ चाललं,
खालपासून वरपर्यंत, कडेकडेनं,
आणि रेघ एकही नाही.
मी व्हिडिओवर दाखवलं.
"पेन उचललेलं राहिलंय," ती म्हणाली,
"चाललंय ते खरंच, नुसतं उमटलं नाही."
एसीचा फार आवाज होतोय म्हणत
मी फोन ठेवला.

गुरुवारी सुनोजनं एक सुटा कीबोर्ड आणला,
दीड रियालचा, जुनाच,
सगळी अक्षरं जागच्या जागी.
आर दाबला. कासव उजवीकडे वळलं.
एवढंच? असं वाटलं खरं.

रविवारी धक्क्यावर
कंटेनर उजवीकडे घ्यायचा होता.
मी हात उचलला,
डावीकडे दाखवला,
मग पुन्हा डावीकडे.

वर खल्फाननं हॉर्न दिला,
आणि खाली वाकून बघितलं.