चौदा पूर्णांक सात

हमूद रियामींची लँडक्रूझर, चौऱ्याऐंशीची,
बिरकत अल-मौझच्या चौकीपर्यंत शहाण्यासारखी येते.
पुढं घाट लागला की खोकते,
सैकला पोचेस्तोवर मागं काळा धूर.
उन्हाळ्यात निझव्याच्या सिग्नलला पेट्रोल नळीतच उकळतं,
मग ओलं फडकं टाकून अर्धा तास
तिची मनधरणी.

"इंजेक्शन बसव," म्हणाले,
डॉक्टरला सांगावं तसं.

मी चहा मागवला, बिलाच्या मागं लिहीत गेलो.

आहे तोच कार्बोरेटर खोलायचा: फ्लोट, सुई, जेट,
नवं किट, पोटातली वाळू झटकायची.
स्वस्त. पण डोंगर तिथंच राहणार,
आणि वर हवा पातळ ती पातळच.

नाहीतर बरकाच्या भंगारातून
नंतरच्या मॉडेलचं सगळं उचलायचं,
मॅनिफोल्ड, सहा इंजेक्टर, संगणक, वायरींचा भारा.
कंपनीचंच रक्त कंपनीच्या अंगात.
फक्त वायरी तीस वर्षं उन्हात भाजलेल्या,
हात लावला की पापडासारख्या मोडतात,
आणि एखादा दोष महिनाभर आत लपून बसतो
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखा.

नाहीतर नवाकोरा थ्रॉटल बॉडी,
कार्बोरेटरच्याच जागी, त्याच बोल्टांवर.
टाकीत पंप, परतीची एक नळी,
सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून एक सेन्सर.
तो धूर हुंगतो आणि सांगतो,
जास्त झालं, कमी झालं.
महाग. शिवाय वाळूत रुसला
तर स्क्रू-ड्रायव्हरनं समजूत निघत नाही.

"तुझी असती तर?" हमूदनी विचारलं.

उद्यमनगरात रंगराव मिस्त्री
आम्हाला डोळे मिटायला लावायचे.
"बघू नगंस. हुंग."
मिक्श्चरचा स्क्रू पाव आटा, आणखी पाव,
धूर आधी गोडसर, मग तिखट,
मग डोळ्यांत पाणी आणणारा कच्चा.
"आता मागं ये. तितंच. सोड हात."
त्या नाकावर मी कोल्हापूर सोडलं,
त्या नाकावर सनाय्यातल्या या गाळ्यात
बावीस वर्षं पोट भरलं.

दर एप्रिलात हमूद गुलाबपाण्याची बाटली आणतात,
घरच्या भट्टीचं. त्याला धुराची झाक असते म्हणे,
तीच खरी खूण.
मी बूच उघडतो, डोळे मिटतो, "वा" म्हणतो.
फळीवर तीन बाटल्या आहेत, भरलेल्या.

तीन वर्षांमागच्या तापात गेलं ते गेलंच.
बायकोला फोनवर काय सांगायचं, नाक हरवलं?
परवा शिबू ओरडला तेव्हा कळलं
मी पेट्रोलच्या थारोळ्यात उभा आहे.

"थ्रॉटल बॉडी," मी म्हणालो.
"खर्च सोसत असेल तर तोच."
कारणं दिली: घाट, ऊन, जुन्या वायरी.
सगळी खरी होती.

चार दिवस लागले. पाचव्या दिवशी चावी फिरवली,
पंप दोन सेकंद गुणगुणला
आणि इंजिन एका दमात उठलं.
शिबूच्या लॅपटॉपवर आकडे धावले, बारा, सोळा, तेरा,
मग चौदा पूर्णांक सातच्या आसपास घुटमळू लागले.

मी तरी सवयीनं मागं गेलो,
सायलेन्सरपाशी वाकलो, डोळे मिटले.
हमूदही शेजारी वाकले, गुडघ्यावर हात ठेवून.
"कसा आहे?"
"तुम्हीच सांगा."
त्यांनी नाक जवळ नेलं. वेळ घेतला.
"काहीच नाही," म्हणाले, जरा हिरमुसून.
"कसलाच वास नाही रे."

मी काही बोललो नाही.
त्यांनी जुना कार्बोरेटर फडक्यात बांधून
मागच्या सीटखाली सरकवला, असू दे म्हणून,
आणि बिलातून पंधरा रियाल
कमी करून घेतले.