तरवड

उदगीरच्या ढोरगल्लीमागं, चुनखडीच्या माळावर
बापानं तरवड पेरला.
आपोआप येतं ते कोण पेरतं?
लोक हसले.

बी फरशीवर घासायचं, म्हणायचा,
रातभर कोमट पाण्यात,
मग दोन बोटं खोल. बस.
शेरडं तोंड लावत नाहीत, कुंपण नको.

तिसऱ्या वर्षी साल.
कातड्याची पिशवी शिवून, आत साल कोंबून
टांगायचा. खालच्या घंगाळात
लाल पाणी, थेंब थेंब.
त्याचे हात कोपरापर्यंत तांबूस,
लग्नाच्या फोटोतसुद्धा.

घट बसले की वरच्या आळीतल्या बाया यायच्या,
नाकाला पदर लावून
पिवळी फुलं ओटीत खुडायच्या.
"देवीच्या माळेला हीच लागतात गं."
बाप लांब उभा,
वारा आपल्याकडून त्यांच्याकडं जाणार नाही
अशा अंगाला.

आता कुंड कोरडं. साल कुणालाच नको.
झाडं माझ्या डोक्यावर गेलीत,
आश्विनात नुसती पिवळी होतात.

परवा दातवणाला एक फांदी मोडली.
चावली, तर तोंडभर तुरट.
लहानपणी बापानं घास भरवला
की भाकरीला हीच चव यायची.
मला वाटायचं, ज्वारीचीच.