घडी घालू नये

कन्ना चौकात, जिन्यावरच्या एक्स-रे खोलीत
नरसव्वा कामाला लागली आणि पहिल्याच संध्याकाळी
तिनं शिशाच्या अ‍ॅप्रनची घडी घातली.
आधी उभी, मग आडवी,
काठाला काठ, वरून तळवा फिरवून.
टॉवेलच्या कारखान्यात एकवीस वर्षं घडीखात्यात होती.
इतकी सुरेख घडी
की मी कित्येक दिवस बोललेच नाही.

मग तपासणीचा दिवस आला.
अ‍ॅप्रन टेबलावर आडवा केला, पेशंटसारखा,
आणि त्याचाच फोटो काढला.
पांढऱ्यावर तीन काळ्या रेघा,
मे महिन्यात एकरुखचा तळ फाटतो तशा.

"ह्यातनं येतंय?"
"येतंय."
"दिसत तर नाही, अक्का."
"म्हणून तर हा बिल्ला."
छातीवरचा काढून तिच्या हातात दिला.
दर तीन महिन्यांनी तपासायला जातो,
किती अंगावर पडलं त्याचा आकडा येतो.
दुप्पट लांब गेलीस तर चौथाई राहतं,
भिंतीआड गेलीस तर जवळजवळ नाहीच.

तिनं बिल्ला उलटा केला, सुलटा केला.
"मागाचा खडखडाटबी दिसत नव्हता," म्हणाली.
"माझा डावा कान गेला
तवा आकडा कुणाकडं गेला?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी कॅसेट पुसत राहिले. ती स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याकडून तिनं
मोडक्या मागाचा जाड रूळ आणला,
भिंतीत दोन खुंट्या ठोकून घेतल्या.
नवा अ‍ॅप्रन आता तिथं असतो, सरळ, लोंबता.
निघताना तिचा हात काठापर्यंत जातो,
दोन बोटं दुमडतात,
मग पदराला पुसल्यासारखं करते.

दाराबाहेर आता तीच उभी असते.
लाल दिवा लागला की कुणाला आत सोडत नाही,
नगरसेवकाच्या मेव्हण्यालाही नाही.
आणि बाई दिसली की विचारते,
कान गेलेल्या माणसाच्या आवाजात,
अख्खा जिना ऐकेल असं:
"पोटात हाय का कोण?"
विड्यांचे तळहात काळे झालेल्या बायका
पदर तोंडाला लावून हसतात, माना हलवतात.

परवा एकीनं मान हलवली नाही.
नरसव्वानं चिठ्ठी तिच्या हातातून घेतली,
डॉक्टरांकडे परत पाठवली,
तिला पार पलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं
आणि पंखा पाचावर केला.