सज्ज्यातले बूट

प्रत्येक डबा वीतभर, वर चार बोटं.
असे सहा. शिवाय एक इंजिन, ते चालत नाही,
तसं पाटीवर लिहिलंय मी, नंतर कटकट नको.
बर्विनमधल्या चर्चचं तळघर, टेबल नंबर नऊ.
एका हाताला जुन्या रुळांचा गुंता विकणारा म्हातारा,
दुसऱ्या हाताला कॉफी आणि खसखशीचे कोलाचे.

गिऱ्हाईक येतं, डबा उचलतं, आधी उलटा करून पोट बघतं,
बाजारात कोंबडी बघावी तसं.
"छपरावरची झाकणं चुकलीत," एक जण म्हणाला,
"त्या सालच्या डब्याला चार नव्हती, तीन होती."
असतील. ओटोकार आतला माणूस,
छपरावर कधी गेला नाही.

एकतीस वर्षं कंडक्टर. शिकागो ते औरोरा, औरोरा ते शिकागो.
त्या दुमजली डब्यांची गंमत माहीत नसेल तर सांगते:
वर दोन्ही अंगांना सज्जे, एकेकट्या खुर्च्यांची रांग,
आणि मधे सगळं मोकळं,
म्हणजे कंडक्टरनं जिना चढायचाच नाही.
खालच्या वाटेनं चालायचं, हात वर करायचा,
वरच्यांनी कठड्याच्या चिमट्यात तिकीट खोचून ठेवलेलं असतं.
तिकीट हाताशी.
आणि ऐन नाकासमोर
बूट.

जेवताना तेच.
"ला ग्रेंजच्या तपकिरींनी टाच बदलली."
"हिन्सडेलचे टोकदार तीन दिवसांनी आले, एक नाडी पांढरी."
चेहऱ्याचं विचारलं तर म्हणायचा, चेहरे वर असतात.
एकदा म्हणाला, आज जांभळ्या सँडल रडत होत्या.
मी म्हटलं, सूप वाढू?
आता वाटतं, त्या दिवशी सूप थांबलं असतं.

निवृत्तीनंतर बारा हिवाळे घराच्या तळघरात.
माणसं विकत मिळतात, बसलेली, शंभराची पुडी,
पण पायांच्या जागी नुसता करडा ठोकळा.
हा एक केस उरलेला कुंचला घेऊन
कणीएवढे बूट रंगवत बसायचा,
तांदळाची कणी, तीही तुटकी.
छप्पर बसवलं की हे दिसणार कुणाला?
"खालून दिसतात," म्हणायचा.
खाली कोण आहे, ते मी विचारलं नाही.

साडेअकराला एलिसेओ आला. वय नऊ-दहा,
खिशात पैसे नाहीत हे लांबूनच कळत होतं.
त्यानं डबा उचलला नाही.
गुडघे टेकले, हनुवटी टेबलाच्या कडेला,
फोनची बत्ती खिडकीशी. बराच वेळ गप्प.
"वरच्या सगळ्यांचे बूट वेगवेगळे आहेत."
हो.
"हिरवेपण आहेत."
ते डाउनर्स ग्रोव्हचे.
"आणि एक बाई अनवाणी."
हे मला माहीत नव्हतं.
"खालचा हा, हात वर केलेला,
याच्या पायात काहीच नाही.
रंगवायचं राहिलं वाटतं."

वाकून पाहिलं. टोपी निळी, कोटाला तीन बटणं,
मुठीत तिकीट टोचायची चिमटी, तिलाही चंदेरी ठिपका.
आणि विजारीखाली करडा ठोकळा.
विसरला असेल, वाटलं.
पण विसरणाऱ्यातला नव्हता तो,
गॅसचं बिलसुद्धा पाठ असायचं.

आमच्याकडे रोज रात्री दाराशी वर्तमानपत्र पसरून
त्याच्या बुटांना पॉलिश मी करायचे.
एकतीस वर्षं. त्यानं ब्रशला हात लावला नाही,
मी लावू दिला नाही.

पाटीवरचा सहाचा आकडा खोडून पाच केला.
शेजारच्या म्हाताऱ्याकडे काळा रंग मागितला, झाकणभर,
आणि त्याच्याकडचा सगळ्यात बारीक कुंचला.
छप्पर उचकटलं. चष्मा पुसला.
एलिसेओला म्हटलं, बत्ती धर.
हलवू नकोस.