साडेआठची मालिका

जेलरोडच्या घरात वायफाय फक्त हॉलमध्ये धड येतं
आणि हॉलमध्ये साडेआठला अण्णांची मालिका असते.
आइंडहोव्हनला तेव्हा दुपारचे चार.
म्हणून जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यात, लोणच्याच्या बरण्या सरकवून,
वर ऑफिसचा शर्ट, खाली आईची फ्लॅनेलची विजार,
मी चौघा जणांना समजावते की काल रात्री सर्व्हर का झोपला.

मागे ढोल वाजतो.
तीनदा कॅमेरा सुनेवर, तीनदा सासूवर,
एकदा उगाचच समईवर.
योस्ट विचारतो, तुमच्याकडे कुणी गेलं का?
नाही रे, हिची स्मृती गेली.
दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पहिला प्रश्न:
आली का परत?

योस्ट चांगला आहे.
खैरनारमधला ख तो घशाच्या तळातून काढतो,
खाकरल्यासारखा, जरा जास्तच खरा.
पुण्यातल्या मॅनेजरलाही तो इतका जमला नव्हता.

रविवारी भाऊजी मिसळ खायला घेऊन गेले,
मखमलाबादच्या पुढे, द्राक्षांच्या मळ्यात.
झोके, बैलगाडी, गुलाबी दिव्यांत लिहिलेलं 'लय भारी',
आणि एक पवनचक्की. प्लायवुडची. पाती मोटारीवर फिरणारी.
सात वर्षांत तिकडे एकदाही उभी राहिले नव्हते पवनचक्कीसमोर.
इथे रांगेत उभी राहिले, पाव हातात धरून.
भाचा म्हणाला, मावशी, हस ना, फॉरेनला आल्यासारखं वाटू दे.
फोटो ग्रुपवर टाकला. मारीकेने विचारलं,
ही कोणत्या गावची?
मी लिहिलं, आमच्याच.

अण्णा मालिकेवर कधी बोलत नाहीत.
सून विहिरीत पडली तेव्हा शेंगा सोलत होते,
जुळा भाऊ निघाला तेव्हा चष्मा पुसत होते.
पण मंगळवारी ती परदेशी निघाली,
तिने पर्समधून पासपोर्ट काढला
आणि अण्णा ताडकन पुढे सरकले.
खोटा आहे, म्हणाले. शिलाई बघ. पिना मारल्यात.
निळा रंग पण हा नाही.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये.
रोज सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
घरी आणली ती फक्त बोटांना लागलेली शाई.

तुझा आण गं जरा.
मीटिंग चालू होती. मी म्यूट केलं, आणला.
त्यांनी तो उघडला नाही आधी,
पाठीवरून अंगठा फिरवला,
आई कोथिंबिरीच्या जुडीवरून फिरवते तसा.
मग मधलं पान काढून दिव्याकडे धरलं.
माझा फोटो पाहिलाच नाही.
व्हिसे, शिक्के, दोहा, म्युनिक, काहीच नाही.
दोरा पाहत राहिले.
चांगला बांधलाय, म्हणाले. पोरं नीट काम करतात अजून.

लॅपटॉपच्या मागच्या कप्प्यात एक पत्र आहे.
तिकडच्या पालिकेचं. तारीख, वार,
शपथेनंतर कॉफी आणि केक मिळेल,
सोबत दोन पाहुणे आणता येतील.
त्याच्यानंतर हे पुस्तक खिडकीतून आत सरकवायचं,
ते 'रद्द' असा शिक्का मारून परत देतात,
आठवण म्हणून ठेवायला.
तीन आठवड्यांपासून मी वाक्य जुळवते आहे.
मराठीत ते फार लांब होतं
आणि डचमध्ये अण्णांना कळणार नाही.

जाहिराती संपल्या.
अण्णांनी पासपोर्ट माझ्या हातात दिला,
द्यायच्या आधी विजारीला पुसून,
आणि आवाज वाढवला.
नीट ठेव, म्हणाले. ओलावा लागू देऊ नको, तिकडे पाऊस फार.

चॅटमध्ये योस्ट:
खैरनार, म्यूटवर का? काय झालं आज?
मी लिहिलं,
ती अजून विमानतळावरच आहे.
खोट्या पासपोर्टवर निघालीय
आणि हे फक्त आमच्या घराला माहीत आहे.