इनपुट दोन

चेऊलकरबाई गुरुवारी येतात, चारच्या सुमाराला,
कन्नमवार नगरातले माझे तीन जिने चढून.
दारातच उभ्या राहतात, दम जागेवर येऊ देतात,
मग विचारतात, "लाईन मोकळी आहे ना?"

माझा स्टुडिओ म्हणजे आईचं कपाट.
साड्या तशाच ठेवल्यात, आवाज छान पितात.
मधे माइक लोंबतो.
माइकची वायर टेबलावरच्या लाल डबीत,
डबीतून संगणकात,
संगणकातून परत डबीत,
डबीतून बाईंच्या हेडफोनमधे.
हातभर अंतरासाठी एवढा वळसा.
दुसरा एक माइक पंख्याखाली, खोलीचा आवाज धरायला.
तो इनपुट दोन. त्याचा ट्रॅक मी म्यूट ठेवतो.

बाई वाचतात अकरावीचं सहकाराचं पुस्तक,
अंध मुलांच्या शाळेसाठी, फुकट.

पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"मी बोलते आणि मागून कोणीतरी माझीच नक्कल करतं.
दुबईचा ट्रंक कॉल लागल्यासारखं."
मी लेटन्सी, बफर असं काहीबाही सांगू लागलो.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि वायरीवर बोट ठेवून निघाल्या,
कपाट, टेबल, डबी.
"इथून आला. इथून आत गेला.
दारात आलेल्या माणसाला दारातच भेटावं रे,
माजघरात कशाला फिरवतोस?"
डबीवर एक बटण होतं, कधी दाबलं नव्हतं.
दाबलं.
नक्कल करणारी निघून गेली.

माझगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधे बत्तीस वर्षं.
"दोरी उचलायची, भोकात खोचायची,
'बोला' म्हणायचं आणि आपला कान काढून घ्यायचा.
जोडायचं. ऐकायचं नाही. तसा नियमच होता."
कधीच नाही ऐकलं?
"एकदा. चल, पुढचं प्रकरण लाव."

मला कुठलाच नियम नव्हता, तरी मी ऐकलं नाही.
मी त्यांचा आवाज बघत होतो.
हिरवा चालेल, पिवळा ठीक, लाल झाला की पुन्हा.
खोकला काप. पान फडफडलं, काप.
परिच्छेदांमधे उगाच काही हललं, तेही काप.
एक्केचाळीस गुरुवार.
भागभांडवल म्हणजे काय, विचारा मला. नाही सांगता येणार.

मग शाळेतून फोन आला, तेजल नावाच्या मुलीचा.
"दादा, पहिल्या चार प्रकरणांत बाई मधेमधे बोलायच्या.
आता का बोलत नाहीत? रागावल्या का?"
पहिली चार मी न कापता पाठवली होती.
तेव्हा कापायचा कंटाळा यायचा.

रात्री स्क्रीन बंद केला. मूळ फाइली लावल्या.
"पान उलटतेय हं, तोवर तूही दम खा."
"हे वाक्य मलाही नीट कळलं नाही, थांब, परत वाचते."
"वरून विमान चाललंय. ते आधी उतरू दे."
इतके दिवस माझ्या कपाटात
त्या कुणाच्या तरी समोर बसल्या होत्या.

आणि मग इनपुट दोन, म्यूट काढून.
मी चहा आणायला गेलो होतो तो गुरुवार.
पंखा, खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय,
आणि लांबून बाई, पंख्याला सांगितल्यासारख्या:
"एकदा ऐकलं होतं मी. रात्रपाळीला.
ती म्हणाली, गॅसवर दूध आहे, ठेवते.
तो म्हणाला, बरं.
आणि दोघांनीही ठेवला नाही.
कोणी काही बोलेना.
मग मीही दोरी काढली नाही."

तेजलला सगळं न कापता पाठवलं,
इनपुट दोन तेवढा वगळून.

या गुरुवारी बाई आल्या. मी म्हटलं, लाईन मोकळी आहे.
आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, दुधाचं काय झालं?

माझ्याकडे बघत राहिल्या.
मग डबीकडे. मग पंख्याखालच्या माइककडे.
"उतू गेलं असणार," म्हणाल्या,
हेडफोन चढवला,
"प्रकरण सातवं."